धाकटी बहीण सिस्टर म्हणून टांझानियाला चालली आहे, तिथलं रोजचं जगणं कसं असतं?

थोरली_मोहननगर
नमस्कार मंडळी. इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

माझी धाकटी बहीण धर्मभगिनी आहे. नर्सिंग केलेलं, आतापर्यंत गडचिरोलीकडच्या एका दवाखान्यात होती. संस्थेने तिला टांझानियाला पाठवायचं ठरवलं आहे, डोडोमापासून बरंच आत, एका छोट्या दवाखान्यात. ती खूश आहे. आई रोज नवा डबा भरते आणि वजन जास्त होईल म्हणून परत रिकामा करते. बाबा काही बोलत नाहीत, पण टीव्हीवर आफ्रिकेची बातमी आली की आवाज वाढवतात.

मला विचारायचं आहे ते एवढंच: मिशनवर गेलेल्या माणसाचा साधा मंगळवार कसा असतो? नाताळचे आणि बाप्तिस्म्याचे फोटो सगळेच टाकतात. पाणी कुठून येतं, जेवतात काय, आजारी पडलं तर काय, घरची आठवण आली तर बोलतात कोणाशी, हे कुणी लिहीत नाही. बहिणीला विचारलं तर "देव बघेल" म्हणते. देव बघेलच, पण मलाही थोडं बघून ठेवायचं आहे.

धर्मांतरावरून हाणामारी नको, कृपया. (उपयोग होणार नाही हे माहीत असूनही लिहिते.)

ठेचा_वऱ्हाडी
टांझानिया विषुववृत्ताच्या खाली. जून-जुलैत तिकडे थंडी. आपण इथं कूलरात पाणी टाकून राहिलो आणि सिस्टर तिकडे स्वेटर घालून. काकूंना सांगा, डबा राहू द्या, शाल भरा.

रिकामटेकडा_सक्करदरा
पगार किती असते बाप्पा? सहज विचारून राहिलो.

सुट्टीवरचा_फादर
साध्या मंगळवारचं विचारलंत म्हणून लिहितो. मी मूळचा अमरावतीकडचा, शिक्षण नागपुरात, पूर्व आफ्रिकेत बरीच वर्षं आहे. सध्या सुट्टीवर घरी आहे, म्हणून एवढं टंकायला सवड मिळाली.

आधी घड्याळ. स्वाहिली बोलणारे लोक तास सूर्य उगवल्यापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, नऊ म्हणजे तीन. "बैठक तीनला" असं ठरलं की ती सकाळी नऊला होते. नवा माणूस दुपारी वही घेऊन पोहोचतो तेव्हा तिथे खुर्च्यासुद्धा उचललेल्या असतात.

सिस्टर लोकांचा दिवस पाचच्या सुमारास सुरू होतो. प्रार्थना, मिस्सा (आमची चर्चमधली मुख्य उपासना), चहा, आणि मग दवाखान्याच्या दारात बायका बसलेल्याच असतात. पाठीला कापडात बांधलेलं मूल, हातात जुनं कार्ड. दुपारपर्यंत मलेरियाच्या तपासण्या, लसी, बाळंतपणं. दुपारनंतर रजिस्टर, औषधांचा साठा, सरकारी अहवाल. डोडोमाचा भाग कोरडा आहे. पाऊस साधारण डिसेंबर ते एप्रिल, बाकी वर्षभर धूळ. बोअरवेलचा पंप सोलरवर असेल तर पाणी आणि वीज यांचं वेळापत्रक एकच होतं. विदर्भातल्या मुलीला यातलं फारसं नवं नाही.

उपदेश हा दिवसातला सगळ्यात लहान भाग असतो. माझे निम्मे दिवस गाडीचा क्लच, चर्चचे उडालेले पत्रे आणि परमिट यात जातात. मिशनऱ्यांना तिथे सी वर्गाचं रेसिडेन्स परमिट घ्यावं लागतं, त्याची फाइल पुढे सरकवणं हे स्वतंत्र व्रत समजा. गावोगावच्या मंडळ्या खरं तर कॅटेकिस्ट, म्हणजे धर्मशिक्षण देणारे, सांभाळतात. ते स्थानिक, संसारी लोक. कोणाच्या घरात काय चाललंय ते त्यांना ठाऊक. फादर येतो, मिस्सा करतो आणि पुढच्या गावाला जातो.

रविवारची मिस्सा दोन-तीन तास, ढोल आणि नाच यांच्यासकट. अर्पणात पैशाबरोबर मका, अंडी, एखादा कोंबडा. मिस्सा संपली की अंगणात त्यांचा लिलाव. माझ्याकडच्या एका म्हाताऱ्या बाईंनी आपलीच कोंबडी दुप्पट भावात परत घेतली होती, का तर ती रोज अंडं देत होती.

सक्करदराभाऊ, पगार नसतो. दारिद्र्याचं व्रत असतं. जे मिळेल ते संस्थेच्या खात्यात, हातखर्चाला थोडं, तिकीट संस्था काढते.

रिकामटेकडा_सक्करदरा
म्हणजे माझ्यासारखंच. फक्त मी व्रत घेतलेलं नाही.

सीताबर्डी_स्पष्टवक्ता
धागाकर्तीच्या बहिणीबद्दल आदर आहे. तरी विचारतो. गडचिरोलीतून नर्स उचलून टांझानियाला काहून न्यायची? इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत जागा रिकाम्या पडल्या आहेत. प्रकाश आमटे १९७३ पासून हेमलकशात आहेत, बंग पती-पत्नींचं 'सर्च' १९८६ पासून गडचिरोलीत. त्यांनी सेवेसाठी परदेश गाठला नाही. आणि सेवा ही पुढची पाटी, मागचं दुकान वेगळं, ही शंका लोकांना येते ती उगीच येत नाही. दवाखान्यात आलेल्या बाईला औषध हवं असतं, औषधाबरोबर पुस्तक मिळालं तर ती नाही कशी म्हणणार?

ठेचा_वऱ्हाडी
आली हाणामारी. चौथ्या माणसानंच आणली. मले वाटलं होतं दहाव्यापर्यंत तरी टिकेल.

थोरली_मोहननगर
@स्पष्टवक्ता, गडचिरोलीचा मुद्दा बाबांचाही आहे, फक्त ते बोलत नाहीत. बहिणीचं म्हणणं, ती जिथे होती तिथे आता दोन नव्या नर्सेस आल्या आहेत. पुस्तकाचं तिलाच विचारेन.

सुट्टीवरचा_फादर
शंका रास्त आहे, टाळत नाही. औषधाला अट जोडणं हे चूकच, मग ते कोणीही करो. पण टांझानियाचं चित्र तुम्ही समजता तसं नाही. तिथल्या किनाऱ्यावरच्या बागामोयोला होली घोस्ट या कॅथलिक संघाचे फादर १८६८ मध्ये आले. आज तिथे ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यानुपिढ्यांची आहेत, बिशप तिथलेच, आणि शेजारी मुसलमान. एकाच घरात आई ख्रिस्ती, मामा मुस्लिम असं सर्रास. ईदला आमच्याकडे पिलाव येतो. दवाखान्याच्या बाकावर दोघंही बसतात आणि दोघंही उशीर झाला म्हणून सारखंच भांडतात.

"आपण द्यायला आलो" ही हवा मात्र आमच्यातल्या काहींच्या डोक्यात असते, ते मान्य. ती उतरायला वेळ लागतो.

गोंडवन_भटक्या
आपण सगळे उलट्या बाजूने बघतोय. हे शहर स्वतःच एकेकाळी कोणाचं तरी 'परदेशातलं मिशन' होतं. स्टीफन हिस्लॉप. जन्म १८१७, स्कॉटलंड. १८४५ मध्ये नागपुरात आला तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं. रेल्वे नाही, पंखा नाही, आणि मे महिना आजच्यासारखाच.

तो उपदेश करायला आला होता, पण आज त्याचं नाव घेतात ते दगडांसाठी. फिरता फिरता जीवाश्म गोळा करायचा. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर नागपूरच्या भूशास्त्रावर त्याचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात आला. गोंडी भाषेचे शब्द टिपले, गोंडांचे गाथागायक जे प्रधान, त्यांच्याकडून लिंगो या गोंड पुराणपुरुषाची गाथा उतरवून घेतली. ती छापलेली बघायला तो उरला नाही. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना बोरीजवळ पुराच्या पाण्यात बुडाला. कागद रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच्या नावाचं कॉलेज १८८३ चं.

त्याचा साधा मंगळवार कसा असेल? सकाळी शाळा, दुपारी घामाने चिकटलेले कागद, संध्याकाळी खिशात दगड. शेजाऱ्यांना वाटत असेल, साहेबाचं डोकं फिरलं.

मॉरिसचा_माजी
हिस्लॉप हिस्लॉप काय लावलंय. मॉरिस कॉलेज १८८५ चं. दोनच वर्षं मागे, आणि कँटीन केव्हाही पुढे.

हिस्लोपियन_८९
कँटीनवर बोलू नका. तुमची पोट्टी आमच्याकडे आलूबोंडा खायला यायची.

मॉरिसचा_माजी
आलूबोंडा खायला नाही यायची, एवढंच सांगतो.

संपादक_मंडळ
कॉलेजांचा इतिहास वेगळ्या धाग्यावर न्यावा. यापुढचे आलूबोंडे उडवले जातील.

इंदोरा_वासी
मिशनरी म्हटलं की आपल्याला पांढरा झगाच दिसतो. नागपुरात चीवरातलं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. भदंत सुरई ससाई जपानमधून आले, इथलेच झाले, भारतीय नागरिकत्वही घेतलं. कामठीचं ड्रॅगन पॅलेस जपानी मदतीतून उभं राहिलं. तेव्हा परदेशी धम्मप्रचारक कसा राहतो हे आम्ही लहानपणापासून पाहिलंय.

आता उलट दिशा. माझे मामा भन्ते आहेत, इंग्लंडमधल्या एका विहारात काही वर्षं होते. तिथले आंबेडकरी उपासक बहुतेक पंजाबी. म्हणजे भन्ते नागपूरचे, उपासक जालंधरकडचे, त्यांची मुलं इंग्रजीत बोलणारी. धम्मदेसना हिंदीत द्यायची. आजोबा माना डोलवायचे, नातवंडं बुटाच्या नाड्यांशी खेळायची. मामांनी मग पन्नाशीत इंग्रजीची शिकवणी लावली, शिकवायला त्याच नातवंडांपैकी एक.

दुपारी बारानंतर जेवायचं नाही हा विनयाचा, म्हणजे भिक्खूंच्या आचारसंहितेचा नियम. उपासकांनी जेवण आणायच्या पाळ्या लावलेल्या. कामाच्या दिवशी पाळीवाल्याची बस चुकली की भन्ते उपाशी, आणि पाळीवाला दिवसभर अपराधी. मामांनी कधी तक्रार केली नाही, पण घरी आले की बाराच्या आत वडाभात कसा संपवायचे ते आईला विचारा. आणि हो, चीवराच्या आत थर्मल. बुद्धांच्या काळी बर्मिंगहॅमची थंडी नव्हती असं ते म्हणायचे.

ठेचा_वऱ्हाडी
चीवराच्या आत थर्मल :)) वाखुसा (वाचनखूण साठवली).

धंतोलीची_नर्सबाई
मुद्द्याचं बोलते. विमान नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे असेल तर येलो फीव्हरचं कार्ड लागू शकतं, परतताना विचारण्याची शक्यता जास्त. लस निदान १० दिवस आधी घ्यायची. एकदा घेतली की आता जन्मभर चालते. ही लस ठराविक केंद्रांवरच मिळते आणि तिथे नंबर लागतात, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

मलेरिया: आफ्रिकेतला बहुतांश फाल्सिपेरम, म्हणजे जास्त धोक्याचा प्रकार. गडचिरोलीत काम केलेल्या सिस्टरला त्याची ओळख करून द्यायला नको. फक्त नर्सेस स्वतःचा ताप अंगावर काढतात. रुग्णाला लगेच टेस्ट, स्वतःला पॅरासिटामॉल. तिला सांगा, ताप आला की त्याच दिवशी टेस्ट. मच्छरदाणी खोचायची, नुसती टांगायची नाही.

प्लास्टिक: टांझानियात १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, प्रवाशांनाही लागू. विमानतळावर काढून घेतात. लोणच्याच्या बरणीला गुंडाळलेल्या चार पिशव्या इथेच सोडायच्या. सगळं कापडी पिशव्यांत.

थोरली_मोहननगर
नर्सबाई, हे कोणीच सांगितलं नव्हतं! आईने प्रत्येक डबा दोन-दोन पिशव्यांत बांधलाय. आज रात्री सगळी सोडासोड. जेवणाचं कोणी सांगा ना, हिला भाताशिवाय चालत नाही.

सुट्टीवरचा_फादर
भात मिळतो, पण रोजचा आधार उगाली. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, हाताने तोडून भाजीला लावून खायचा. सोबत राजमा, माठासारखी पालेभाजी, कधी सुके मासे. चपाती आणि चहा त्यांचेच होऊन बसले आहेत. डाळ, हळद, जिरं दार-एस-सलामच्या गुजराती दुकानांत मिळतं. आत गावात नाही. गेल्यावर कोणी ना कोणी तिकडे जाणारा असतो, त्याला यादी द्यायची.

पण कळीचा मुद्दा उगालीचा नाही, स्वयंपाकघर कोणाबरोबर आहे याचा आहे. समजा घरात चार सिस्टर: दोन केरळच्या, एक टांझानियन, एक नागपूरची. खोबरेल तेलाचा वास, सावजी मसाल्याचा वास आणि "एवढं तिखट का" हा प्रश्न, एकाच गॅसवर. बाहेरच्या लोकांशी जुळवून घ्यायची तयारी सगळे करून येतात. घरातल्या तिघींची करत नाहीत. माझ्या माहितीतल्या जेवढ्या जणांनी मिशन मध्येच सोडलं, त्यांतले बहुतेक मलेरियाने गेले नाहीत, जेवणाच्या टेबलावरून गेले.

आणि दार. संध्याकाळी दारावर टकटक होते. कोणाची फी, कोणाचं ऑपरेशन, कोणाला फक्त मीठ. परदेशी म्हणजे पैसेवाला असा हिशोब असतो, आणि त्यांच्या बाजूने बघितलं तर तो खोटाही नाही, आम्ही विमानाने आलेलो असतो. दहातल्या एकालाच देता येतं. कोणाला, हे नव्याने ठरवू नये. शेजारच्या बाया, कॅटेकिस्ट यांना विचारावं. फीच्या नावावर दारू कोण पितो आणि फी खरंच कोणाची अडली आहे ते त्यांना माहीत असतं. "नाही" म्हणून दार लावल्यावर जेवण उतरत नाही, त्याला इलाज मला सापडलेला नाही.

सीताबर्डी_स्पष्टवक्ता
फादर, हा प्रतिसाद आवडला. मत बदललं असं नाही. पण आवडला.

एका_सिस्टरची_आई
मी फार लिहीत नाही. माझी मुलगी बाहेर आहे, देश सांगत नाही. सवय होते असं लोक म्हणतात. अर्धीच होते. तिचे वडील गेले तेव्हा तिला येता आलं नाही, तिकीट आणि परमिट दोन्ही जुळेना. माती व्हिडिओवर पाहिली. मध्येच तिकडची वीज गेली. माझ्या धाकट्याने फोन तसाच धरून ठेवला, म्हणाला, लागेल परत. लागला तोवर सगळे हात धुवत होते. ती मला काही बोलली नाही, तिच्या सोबतच्या सिस्टरने नंतर सांगितलं की दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवून गावातल्या बायका तिच्याजवळ येऊन बसल्या होत्या, दिवसभर. तिकडे तशी रीत आहे म्हणे.

थोरली, तू फोनची वेळ ठरवून घे. टांझानिया आपल्या अडीच तास मागे. तिथे रात्रीचे नऊ म्हणजे आपले साडेअकरा. तुझी आई जागी राहील, पण दुसऱ्या दिवशी तिला त्रास होईल. तिथली दुपार धर.

गोंडवन_भटक्या
आई, नमस्कार तुम्हाला.
मदर तेरेसा १९२८ मध्ये स्कोप्जेहून निघाल्या आणि त्यानंतर त्यांची व त्यांच्या आईची भेट कधीच झाली नाही. तेव्हा फक्त पत्रं. आता फोन आहे, पण नेटवर्क गेलं की जास्त जीव जातो असं वाटतं.

पाळक_मार्टिननगर
आमच्या प्रोटेस्टंट बाजूने थोडी भर. आमच्याकडे मिशनरी सहसा कुटुंबासह जातो, त्यामुळे अडचणी वेगळ्या. मुलांची शाळा कुठे, बायकोला काम काय. नवऱ्याला दिवसभर ओळखी, बायको चार भिंतींत, तिची भाषा मागे पडते. परत आल्यावर मुलांना नागपूर परकं. माझ्या पुतण्याचा मुलगा इथल्या शाळेत पहिल्या दिवशी "मी आफ्रिकन आहे" म्हणाला, वर्ग हसला, आणि तो हसण्याचं कारण विचारत घरी आला. सिस्टरांना हे प्रश्न नाहीत. त्यांचे दुसरे आहेत.

थोरली_मोहननगर
काल रात्री बहिणीला सगळा धागा वाचायला दिला. एका_सिस्टरची_आईंचा प्रतिसाद तिने दोनदा वाचला, बोलली नाही. स्वयंपाकघराचं वाचून मात्र हसली: "मल्याळी सिस्टरांची सवय मला नॉव्हिसिएटपासून (सिस्टर होण्याआधीच्या प्रशिक्षणापासून) आहे, त्यांना माझी व्हायची आहे."

स्पष्टवक्ता, पुस्तकाचं विचारलं. म्हणाली, ड्युटीवर असताना मी धर्मावर बोलत नाही, कोणी प्रार्थना कर म्हटलं तर करते. गडचिरोलीतही तेच करत होते, तिथल्या लोकांना विचारा.

तिचा फादरना एक प्रश्न आहे: तिथे गेल्यावर पहिले सहा महिने भाषाशाळा, म्हणजे नर्सचं काम नाही. हातात इंजेक्शन घेतल्याशिवाय इतके दिवस ती कधी राहिलेली नाही. कसं काढायचं?

सुट्टीवरचा_फादर
सिस्टर, तो काळ सगळ्यांनाच जड जातो, अनुभवी लोकांना जास्त. इथे तुम्ही वॉर्ड चालवत होता, तिथे पाच वर्षांची पोरं तुमचे उच्चार सुधारतील आणि हसतील. हसू द्या. शाळेनंतर बाजारात जा, कांदे घेताना घासाघीस करा. पुस्तकातलं स्वाहिली मिस्सेला पुरतं, पोट कुठे आणि कसं दुखतंय ते कळायला बाजारातलंच लागतं. मोठ्या माणसांना "शिकामो" (वडीलधाऱ्यांना करायचा आदराचा नमस्कार) म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य बोलू नका, नाहीतर कितीही शुद्ध बोललात तरी उद्धट ठराल.

आणखी एक, हे वरिष्ठ सांगतीलच असं नाही. तुमच्या दवाखान्याची प्रमुख बहुधा टांझानियन सिस्टर असेल, वयाने तुमच्यापेक्षा लहान. तिची पद्धत तुम्हाला संथ वाटेल. एक वर्ष काही सुचवू नका. ती का थांबते ते पाहा. लसीचा दिवस बाजाराच्या दिवशी का ठेवलाय, अमुक घरी स्वतः का जाते, नवऱ्याला बाहेर बसवून बाईशी आधी का बोलते. वर्षाने तुमच्याकडे सुचवायला निम्मंच उरेल, आणि ते निम्मं ती ऐकेल.

इंदोरा_वासी
मामांना हे इंग्लंडला जायच्या आधी कोणी सांगायला हवं होतं. त्यांनी पहिल्याच महिन्यात विहाराच्या कमिटीला शिस्त लावायचा प्रयत्न केला होता. पंजाबी कमिटीला.

ठेचा_वऱ्हाडी
मग?

इंदोरा_वासी
मग कमिटीने मामांना शिस्त लावली.

धंतोलीची_नर्सबाई
सिस्टर, सुती मोजे आणि चांगल्या चपला जास्तीच्या घ्या. दिवसभर उभं राहायचं आहे. डब्यांचं वजन कमी करा, चपलांचं नको.

रिकामटेकडा_सक्करदरा
संत्रा बर्फी तरी नेऊ द्या हो. चार सिस्टरांत भांडणं होणार नाहीत.

हिस्लोपियन_८९
होतील. शेवटच्या तुकड्यावरून.

सीताबर्डी_स्पष्टवक्ता
थोरली, माझा आक्षेप कायम आहे, त्यावर वेगळा धागा काढतो, तिथे या भांडायला. बाकी माझ्या मेव्हण्याचं महालात शिवणकामाचं दुकान आहे. मांजरपाटाच्या, नाडीच्या पिशव्या शिवून देतो, बरणी बसेल अशा गोल बुडाच्याही. किती आणि कोणत्या मापाच्या ते कळवा, शनिवारपर्यंत होतील. पैशाचं नंतर बघू.

थोरली_मोहननगर
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. बरण्यांची मापं आई मोजते आहे.